ऑलिंपिक तोंडावर आलं आणि कोच बदलली: सोफिया राफाएलीचं प्रकरण

हे प्रकरण का निवडलं

मी ठाण्यात लहान मुलींना रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकवते, म्हणजे हूप, रिबन अशी साधनं हाती घेऊन गालिच्यावर संगीताच्या तालात करायचं जिम्नॅस्टिक्स. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली आणि जिल्ह्यात, राज्यात एखादं पदक आलं, की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, आता हिला कुठे पाठवू?" मोठ्या शहरात, मोठ्या अकादमीत, परदेशी कोचकडे, की आहे तिथेच ठेवू? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो सहसा कुणी तोंडावर विचारत नाही. या मॅडम उद्या नसल्या तर माझ्या मुलीचं काय?

या दोन्ही प्रश्नांना एकदम भिडणारी एक कारकीर्द आहे, इटलीच्या सोफिया राफाएलीची. जगज्जेतेपद तिला एका छोट्या गावच्या क्लबात राहून मिळालं आणि ऑलिंपिकला वर्षही उरलं नसताना तिची कोच बदलली. इथे नावं फक्त सार्वजनिक नोंदीतली आहेत. तिचं घर, अभ्यास, दुखणी यांत मी शिरलेले नाही. निर्णयांबद्दलची मतं मात्र माझी आहेत, हॉलमध्ये उभं राहून तयार झालेली.

पार्श्वभूमी

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के नावाचा प्रदेश आहे. तिथल्या किआरावाल्ले या लहानशा गावात सोफियाचा जन्म झाला, १९ जानेवारी २००४ रोजी. आपल्याला हे गाव वेगळ्या कारणाने ओळखीचं वाटायला हवं. मारिया माँटेसरी यांचा जन्मही इथलाच, १८७० सालचा. ताराबाई मोडकांच्या बालवाडीपर्यंत ज्या विचाराचा धागा पोचला, त्याचं हे जन्मगाव.

किआरावाल्लेहून एसिनो नदीच्या खोऱ्यातून आत डोंगराकडे पन्नास-साठ किलोमीटर गेलं की फाब्रियानो लागतं. वस्ती जेमतेम तीसेक हजार. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना हे नाव कागदामुळे माहीत असतं. तेराव्या शतकापासून तिथे कागद बनतो, कागदातल्या जलचिन्हाचं तंत्रही तिथेच वाढलं. चाकणला ज्या कंपनीचे रॅकोल्ड गिझर तयार होतात, तिच्या मूळ उद्योगसमूहाचं घरही हेच. असं हे कारखान्यांचं, कामकरी गाव. पण रिदमिकच्या जगात फाब्रियानो म्हटलं की तिथला क्लब आठवतो. इटलीच्या राष्ट्रीय क्लब स्पर्धेत या क्लबने सलग अनेक वर्षं पहिला क्रमांक सोडला नाही.

त्यामागे बल्गेरियाचा हात आहे. बल्गेरिया हे या खेळाचं जुनं माहेर. तिथल्या अनेक जिम्नॅस्ट पुढे युरोपभर कोच म्हणून पांगल्या. क्रिस्तिना ग्युरोवा त्यांतल्याच एक, त्या फाब्रियानोत शिकवू लागल्या. त्यांची मुलगी जुलिएता कान्तालुप्पी अनेकदा इटलीची राष्ट्रीय विजेती झाली, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळली आणि मग कोच झाली. सोफिया घडली ती या हातांखाली.

इटलीची रचना इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाच मुलींचा राष्ट्रीय संघ मिलानजवळच्या देसिओ इथल्या केंद्रात एकत्र राहतो आणि सराव करतो. इटलीत त्यांना 'फार्फाल्ले' म्हणजे फुलपाखरं म्हणतात. अथेन्स २००४ चं रौप्य, लंडन २०१२ चं कांस्य, टोकियोचं कांस्य ही या संघाची कमाई. वैयक्तिक प्रकारातल्या मुली मात्र आपापल्या क्लबातच राहिल्या. संघ एका ठिकाणी आणि वैयक्तिक खेळाडू विखुरलेल्या, अशी ही दुहेरी व्यवस्था. पदकं बराच काळ संघाच्याच वाट्याला येत होती. ते चित्र २०१८ मध्ये बदलू लागलं. मिलेना बाल्दासार्रीने बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या जागतिक स्पर्धेत रिबनमध्ये रौप्य मिळवलं आणि टोकियोत ती सर्वसाधारण प्रकारात, म्हणजे सगळ्या साधनांच्या एकत्रित क्रमवारीत, सहावी आली. तीही फाब्रियानोच्याच क्लबातली. म्हणजे सोफिया राफाएली मोठी होत होती तेव्हा तिच्या शेजारच्याच गालिच्यावर जागतिक दर्जाची एक मुलगी रोज घाम गाळत होती. शिकणाऱ्या मुलीसाठी याचं मोल पैशांत होत नाही.

खेळाबद्दल थोडं

तेरा मीटर बाय तेरा मीटरचा गालिचा, सव्वा ते दीड मिनिटाचं रूटीन, आणि चार साधनं: हूप, बॉल, क्लब्ज (हातात धरायचे दोन दांडके), रिबन. चारही रूटीनच्या गुणांची बेरीज म्हणजे सर्वसाधारण क्रमवारी. २०२२ पासून लागू झालेल्या नियमसंचात गुणांचे तीन भाग होते. आर्टिस्ट्रीचे, म्हणजे सादरीकरणातल्या कलेचे दहा, एक्झिक्युशनचे, म्हणजे सफाईचे दहा, आणि डिफिकल्टीचे, म्हणजे अवघडपणाचे जितके जमवाल तितके. डिफिकल्टीत शरीराच्या उड्या, तोल, गिरक्या येतात आणि त्यांच्या जोडीला साधनाच्या करामती येतात. हूप पाठीवरून लोळवणं, न बघता झेलणं, पायाने फेकणं, असं बरंच काही.

इथेच सोफिया वेगळी दिसली. अंगाने लहानखुरी, पण तिचं रूटीन इतकं ठासून भरलेलं असायचं की श्वास कुठे घेते ते कळू नये. इटलीत तिला 'आण्विक मुंगी' हे टोपणनाव पडलं. मी माझ्या मुलींना तिचा हूपचा व्हिडिओ दाखवते तेव्हा आवाज बंद करून, संथ गतीने दाखवते. हूप हवेत असतो तेव्हाच तिचं अंग पुढच्या हालचालीत गेलेलं असतं. झेल हा तिच्याकडे शेवट नसतो, झेलता झेलता पुढची करामत सुरू झालेली असते. मग हूप बोटांत आला की मनगटात आला, एवढ्याशा फरकाने पुढचे दोन घटक वाचतात किंवा जातात.

अशा घट्ट विणीच्या रूटीनची किंमतही असते. साधन हातून सुटलं आणि जागेवरच उचललं तर एक्झिक्युशनमधून अर्धा गुण जातो. एक-दोन पावलं टाकून उचललं तर ०.७, त्याहून लांब गेलं तर पूर्ण एक. हा झाला दिसणारा दंड. न दिसणारा त्याहून मोठा असतो. ज्या घटकात साधन सुटलं तो घटक मोजला जात नाही. संगीत तर थांबत नाही, त्यामुळे ते गाठण्यासाठी पुढचा एखादा घटकही गाळावा लागतो. सैल रूटीनमध्ये चूक पोटात घालायला जागा असते. घट्ट रूटीनमध्ये ती नसते.

२०२२: शिखर

सप्टेंबर २०२२ ची जागतिक स्पर्धा बल्गेरियाच्या राजधानीत, म्हणजे सोफियाच्याच नावाच्या शहरात झाली. अठरा वर्षांच्या या मुलीने सर्वसाधारण विजेतेपद, हूप, बॉल, रिबन आणि सांघिक अशी पाच सुवर्णपदकं मिळवली, शिवाय क्लब्जचं कांस्य. वैयक्तिक सर्वसाधारण प्रकारात जगज्जेती झालेली ती पहिली इटालियन. या स्पर्धेतल्या पहिल्या तिघींमुळे त्यांच्या देशांना पॅरिस ऑलिंपिकची जागा मिळणार होती. राफाएली, जर्मनीची दार्या वारफोलोमेएव आणि बल्गेरियाची स्टिलियाना निकोलोवा या त्या तिघी. ऑलिंपिकला अजून दोन वर्षं होती आणि जागेची काळजी मिटली होती.

युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ पासून रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी होती. त्याआधी दीना अव्हेरिना चार वेळा जगज्जेती झाली होती. त्यामुळे 'रशियन नव्हत्या म्हणून जमलं' असं तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. मला हे पटत नाही. समोर कोण उभं राहणार हे खेळाडूच्या हाती नसतं. चारही साधनांवर टिकून राहणं तिच्या हाती होतं आणि ते तिने केलं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस, इटलीतलं वातावरण ढवळून निघालं. राष्ट्रीय संघातून बाहेर पडलेल्या काही मुलींनी वजनावरून होणारा अपमान आणि मानसिक छळ याबद्दल जाहीरपणे सांगितलं. इटलीच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाने देसिओचं केंद्र विशेष प्रशासकाच्या देखरेखीखाली दिलं, चौकश्या सुरू झाल्या. सोफियाचा त्या केंद्राशी रोजचा संबंध नव्हता. पण 'मुलगी लहानपणीच राष्ट्रीय केंद्रात गेली म्हणजे तिचं भलं झालं' हे गृहीतक इटलीत तेव्हा हललं. आपल्याकडच्या पालकांनीही ते हलू द्यावं असं मला मनापासून वाटतं. दहा वर्षांच्या मुलीचं रोज सगळ्यांसमोर वजन करणारा कोच कितीही पदकं आणत असला, तरी मी माझी मुलगी तिथे ठेवणार नाही.

अडचण

ऑगस्ट २०२३, वॅलेन्सिया. वारफोलोमेएवने सर्वसाधारण आणि चारही साधनं मिळून पाचच्या पाच वैयक्तिक सुवर्णपदकं नेली. सर्वसाधारणमध्ये सोफिया दुसरी आली. जगज्जेतेपद गेलं, पण दुसरा क्रमांक म्हणजे घसरगुंडी नव्हे. अडचण पुढे आली. त्या हंगामानंतर कान्तालुप्पी आणि सोफिया यांचं काम एकत्र राहिलं नाही. पॅरिसला वर्षही उरलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य चटकन कळत नाही. धावण्यात कोच बदलला तर सरावाचं वेळापत्रक बदलतं. रिदमिकमध्ये कोच म्हणजे बाहेर उभा असलेला आरसा. जिम्नॅस्टला स्वतःचं रूटीन दिसत नाही. रिबनचा वेटोळा गालिच्याला टेकला का, पाय एकशे ऐंशी अंशांत उघडला की दहा अंश कमी पडला, फेक सरळ गेली की डावीकडे झुकली, हे तिला दुसऱ्याच्या डोळ्यांतून कळतं. वर्षानुवर्षांनी या डोळ्यांशी एक भाषा जमते. गालिच्याच्या कडेवरून आलेल्या एका शब्दाने मुलीचा खांदा खाली येतो. तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला तर खांदा जागचा हलत नाही. हे मी माझ्याच हॉलमध्ये पाहिलं आहे. मी आठवडाभर आजारी होते, वर्ग दुसऱ्या ताईंनी घेतला, आणि परत आले तेव्हा एका मुलीची रिबन सारखी अडकत होती. ताईंचं काही चुकलं नव्हतं. त्या "हात वर" म्हणायच्या आणि मी "कोपर" म्हणते, एवढाच काय तो फरक.

दीड मिनिटाच्या रूटीनमध्ये असे शंभर शब्द असतात, आणि रूटीनं चार. त्यात संगीताची निवड, नृत्यरचना, स्पर्धेच्या दिवशी सरावाचा गालिचा कधी गाठायचा, निकालाची वाट पाहताना बाकावर कुणाचा हात धरायचा, हेही सगळं आलं.

समोरच्या वाटा

त्यांच्या बैठकीत काय बोललं गेलं याचा अंदाज मी बांधत नाही. एक कोच म्हणून मला मात्र अशा वेळी चार वाटा दिसतात.

पहिली, जुन्या कोचला पॅरिसपर्यंत तरी थांबवून घेणं. पालकांचा पहिला आग्रह नेहमी हाच असतो. पण मन निघालेला माणूस शरीराने थांबला तर ते सरावात दिसतं, आणि मुलीला ते सर्वांत आधी कळतं. मी ही वाट क्वचितच सुचवीन.

दुसरी, क्लबातल्याच एखाद्या सहकोचला पुढे आणणं. भाषा तीच राहते, हॉल तोच राहतो, मुलीला कमी धक्का बसतो. अडचण एवढीच की सहकोचने बहुधा मुख्य कोचच्या सावलीत काम केलेलं असतं. मोठ्या स्पर्धेत पंचांसमोर, महासंघासमोर, कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची सवय तिला नसते, आणि ती सवय लावायला ऑलिंपिकचं वर्ष ही जागा नव्हे.

तिसरी वाट म्हणजे नवी, अनुभवी कोच आणणं आणि बाकी जितकं जुनं ठेवता येईल तितकं ठेवणं. चौथी, देश सोडून बल्गेरियात किंवा आणखी कुठे मोठ्या केंद्रात जाणं. चौथ्या वाटेचं आकर्षण मोठं असतं. पण अठरा-एकोणीस वर्षं एका खोऱ्यात वाढलेल्या मुलीला ऑलिंपिकच्या आधी भाषा, जेवण, झोपेची जागा आणि कोच सगळं एकदम बदलायला लावणं मला जुगार वाटतो.

वाट निवडताना एक गोष्ट मोकळीक देणारी होती. सोफिया इटलीच्या पोलीस दलाच्या 'फियाम्मे ओरो' या क्रीडा पथकात आहे. इटलीत पोलीस, सैन्य, वायुदल यांची अशी पथकं असतात आणि खेळाडू तिथे नोकरीत असतात. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस दल खेळाडूंना नोकरी देतात, साधारण त्याच जातीची ही व्यवस्था. कोच बदलली तरी पगार बदलत नाही. निर्णय घेताना डोक्यावर घरखर्चाचं ओझं नसणं ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्याकडच्या दोन गुणी मुलींनी याच ओझ्यापायी बारावीनंतर खेळ सोडला, म्हणून हे विशेष जाणवतं.

काय केलं

तिसरी वाट घेतली गेली. क्लाउडिया मान्चिनेल्ली या इटालियन कोचबरोबर काम सुरू झालं. पॅरिसमध्ये निकालाच्या बाकावर सोफियाशेजारी त्याच बसल्या होत्या.

या निवडीतलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते असं: सोफियाच्या खेळाचा स्वभाव बदलायला कुणी गेलं नाही. नवा कोच आला की त्याला आपली छाप उमटवायची घाई असते. 'हिचं रूटीन फार गर्दीचं आहे, जरा मोकळं करू या, आर्टिस्ट्रीचे गुण वाढतील' असं म्हणणं सोपं होतं, आणि त्यात तथ्यही असतं. पण पॅरिसच्या गालिच्यावर दिसलेली मुलगी तीच होती. वेग तोच, वीण तीच, झेलता झेलता पुढे निघणंही तेच. कोचचा हात बदलला आणि मुलीच्या हाताची सवय शाबूत राहिली. नव्या कोचने स्वतःची सही मागे ठेवली असं मला वाटतं, आणि त्यासाठी मोठं मन लागतं.

निकाल

८ ऑगस्ट २०२४, पॅरिस. पोर्त द ला शापेल इथल्या सभागृहात पात्रता फेरी झाली. चोवीस जणी, त्यांतल्या दहा अंतिम फेरीत जाणार. सोफिया पहिली आली, १३९.१०० गुणांनी. वारफोलोमेएव दुसरी, १३६.८५०. निकोलोवासारखी खेळाडू अंतिम फेरीत पोचलीच नाही, इतकी ती फेरी निर्दय होती.

अंतिम फेरीत पात्रतेचे गुण धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या पुन्हा शून्यावर. ९ ऑगस्टला वारफोलोमेएवने १४२.८५० गुण मिळवले, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा बरोबर सहा जास्त. बल्गेरियाची बोर्याना कालेइन १४०.६०० वर पोचली. सोफियाचे १३६.३०० झाले. कांस्य.

हा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासला आहे. आदल्या दिवसापेक्षा २.८०० कमी, चार साधनांत वाटले तर प्रत्येकी ०.७. म्हणजे हिशेबाने प्रत्येक रूटीनमध्ये एक छोटी चूक, किंवा एकाच रूटीनमध्ये चूक आणि तिच्यामागे गळलेले दोन-तीन घटक. लोक म्हणाले, पहिली होती, तिसरी झाली, हातचं घालवलं. पण आदल्या दिवशीचे १३९.१०० तिने जसेच्या तसे पुन्हा मिळवले असते तरीही ती तिसरीच आली असती. कालेइन त्याच्या वर होती. त्या दिवशी दोघी उंच उडाल्या हे आधी मान्य करायला हवं.

हे पदक काय होतं, तर रिदमिकच्या वैयक्तिक प्रकारातलं इटलीचं पहिलं ऑलिंपिक पदक. दुसऱ्या दिवशी इटलीच्या संघालाही कांस्य मिळालं, चीन आणि इस्रायलच्या मागे. देसिओच्या आणि क्लबच्या, दोन्ही वाटांनी पॅरिसमध्ये एकेक कांस्य आणलं. पदकाच्या रंगात दोन्ही सारख्या निघाल्या. कुठल्या वाटेवर मुलींनी काय सोसलं, हा हिशेब वेगळा, आणि तो पदकतक्त्यात दिसत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, दुसरा डोळा लवकर हवा होता. राफाएलीच्या बाबतीत आतली मांडणी कशी होती यावर मी शिक्का मारणार नाही. पण एकाच कोचवर किंवा एकाच घरावर उभी असलेली कारकीर्द सर्वत्र दिसते, भारतात तर जास्तच. जगज्जेतेपद मिळालं त्याच आठवड्यात, सगळं छान चाललेलं असताना, दुसऱ्या कोचला आठवड्यातून दोन दिवस हॉलमध्ये आणायला हवं. तेव्हा ती पाहुणी म्हणून येते. संकटात आली तर बदली म्हणून येते, आणि मुलीला हा फरक फार जाणवतो.

तुलनेला वारफोलोमेएव आहेच. सायबेरियातल्या बार्नाऊलची ही मुलगी लहान वयात घर सोडून जर्मनीत आली आणि श्मीडेनच्या केंद्रात युलिया रास्किनाच्या हाताखाली वाढली. रास्किना स्वतः सिडनी २००० ची रौप्यविजेती. वॅलेन्सियाची पाच सुवर्णपदकं आणि पॅरिसचं सुवर्ण तिने याच कोचबरोबर मिळवलं. यावरून 'घर सोडायलाच हवं' असा अर्थ काढणारे पालक मला भेटले आहेत. मी त्यांना म्हणते, गाव सोडणं बघू नका, कोच टिकली ते बघा. एकीने गाव सोडलं पण तिचा आरसा शेवटपर्यंत तोच राहिला. दुसरीने खोरं सोडलं नाही आणि तिचा आरसा ऐन वेळी बदलला.

दुसरा मुद्दा दोन दिवसांच्या स्पर्धेचा आहे. पात्रता फेरीत सगळी ताकद लावायची की थोडी राखून ठेवायची? मोठ्या स्पर्धांत काही खेळाडू पहिल्या दिवशी एखादा धोक्याचा घटक मुद्दाम सोडून देतात, पहिल्या दहांत येण्यापुरतं खेळतात आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण रूटीन काढतात. सोफियाच्या खेळात असं करणं अवघड, कारण तिची वीण उसवली की सगळंच सैल पडतं. तरीही तिच्या जागी मी असते तर क्लब्जच्या आणि रिबनच्या रूटीनच्या दोन आवृत्त्या तयार ठेवल्या असत्या, एक पूर्ण आणि एक दोन घटक कमी असलेली, आणि महिनाभर दोन्हींचा सारखाच सराव करून घेतला असता. नव्या कोचबरोबर पहिल्याच वर्षी एवढं जमवणं कठीण होतं, हेही कबूल. कोच उशिरा बदलल्याची खरी किंमत मला इथे दिसते. मुलीचा खेळ टिकला, पण पर्याय बांधायला वेळ उरला नाही.

रिबनचं तर वेगळंच. सहा मीटर साटीन, हॉलमधल्या एसीचा झोत कुठून येतो त्यावर तिचा अर्धा स्वभाव ठरतो. स्पर्धेआधी तिला इस्त्री करून, सैल गुंडाळून ठेवावी लागते, नाहीतर घडीच्या जागी ती मोडते आणि तिथेच गाठ बसते. गालिच्यावर गाठ बसली की सोडवत बसायचं की तशीच ओढायची, हे अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. तो निर्णय मुलगी एकटीने घेते. त्याचा सराव मात्र कोच करून घेते, मुद्दाम गाठ मारून हातात रिबन देऊन. असले सराव वेळापत्रकात शेवटी येतात आणि वर्ष आखूड झालं की तेच आधी गळतात.

पुढे

पॅरिसनंतर कालेइनने खेळ सोडला. सोफियाने सोडला नाही. २०२५ पासून नियमसंच पुन्हा बदलला, रूटीनमध्ये मोजल्या जाणाऱ्या घटकांची संख्या कमी झाली. ठासून भरलेला खेळ हीच जिची ताकद, तिच्यासाठी हा बदल सोपा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक स्पर्धा रिओ दि जानेरोला झाली. सर्वसाधारण प्रकारात वारफोलोमेएव पहिली, निकोलोवा दुसरी आणि सोफिया राफाएली तिसरी आली. वयाच्या एकविसाव्या वर्षी, जगज्जेतेपदानंतर तीन वर्षांनी, बदललेल्या कोचनिशी आणि बदललेल्या नियमांनिशी ती अजून पहिल्या तिघींत होती.

या अभ्यासानंतर मी माझ्या वर्गात एक गोष्ट बदलली. प्रत्येक मुलीची एक वही केली. त्यात तिच्या रूटीनची मोजणी आहे, कुठे श्वास घेते, कुठला झेल उशिरा येतो, कुठल्या शब्दाला तिचा खांदा खाली येतो. 'कोपर' हा शब्दही त्यात लिहिला आहे. गुरुवारी मी हॉलमध्ये जात नाही. त्या दिवशी ताई वर्ग घेतात, आणि वहीच्या पानावर त्यांचं अक्षर असतं.